उसना रवंथ

हिर्डोशीकडे गाय व्याली की तिला बाळंतीण म्हणतात आणि वागवतातही तसंच. लग्न होऊन मी इथं आले त्या वर्षी आमची तांबडी गाय व्याली. सासूबाईंनी बाजरी शिजवून, गूळ घालून घमेलंभर तिच्यापुढं ठेवली. वाडीतल्या बायकाही रिकाम्या हातानं येईनात. जी येई ती पातेलं घेऊनच. मी किकवीची, गोठ्यातच वाढलेली. एकदम एवढं धान्य गाईला सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मायेनं आणलेलं पातेलं नव्या सुनेनं परत कसं पाठवायचं? गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी गाईची मान खाली गेली, ती चाऱ्याला तोंड लावेना. शेण पातळ, आंबूस वासाचं. वासरू रिकाम्या सडांना ढुशा देत होतं. फोन केल्यावर भोरहून डॉक्टर आले. त्यांनी सोडा पाजला, सलाईन लावलं, बाजरी बंद करून नुसता पेंढा ठेवायला सांगितला. मग मला गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरायला लावली. पोट चालू असेल तर ते मिनिटभरात मूठ आतून उचलतं. माझी मूठ होती तिथंच राहिली.

"आपण खरं तर गाईला चारत नाही," डॉक्टर म्हणाले. "तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात, त्यांना चारतो. ते चारा पचवतात म्हणून गाय जगते. बाजरीनं पोट आंबलं आणि ते मेले. ते पोटात पुन्हा आले नाहीत, तर गाय वाचायची नाही."

सासूबाई इतका वेळ खांबाला टेकून होत्या. "मंग दुसरीचा रवंथ देऊ की हिला," त्या म्हणाल्या. "माजा बा आसंच करायचा."

"त्यात तेच जीव जिवंत असतात," म्हणत डॉक्टरांनी मान डोलावली. शेजारी म्हातारी गाय निवांत रवंथ करत बसली होती. सासूबाईंनी तिच्या गालफडात हात घालून कोमट, हिरवा गोळा काढला आणि तांबडीच्या जिभेच्या मुळाशी सारला. असं पाच-सहा वेळा केलं.  माझी नजर हलेना.

दुपार कलेपर्यंत मी मूठ दाबून उभी होते. आणि मग आतून काहीतरी सावकाश सरकलं, माझी मूठ वर आली.  शेजारणीकडून विस्तव आणून चूल पेटवावी, तसं दुसरीच्या चार घासांनी हिचं पोट पेटलं होतं. जन्म गोठ्यात गेला, पण आपण कुणाला जेवू घालतो हे मला त्या दिवशी कळलं.

"आत्या, बाजरी जास्त होतीय, हे मला कळत होतं," मी सासूबाईंना म्हटलं. "बोलले नाही."

"म्या तरी कुठं ऐकलं आसतं?"

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि तिथं स्वतःची मूठ ठेवली. थोड्या वेळानं तीही आतून उचलली गेली.