केसांच्या बदल्यात केस

ताई गेल्याचा नांदेडहून फोन आला तेव्हा गिऱ्हाइकाचा एक गाल व्हायचा राहिला होता. तो मी पूर्ण केला. अर्धवट काम तिला खपायचं नाही. मग अहमदपूरच्या आमच्या या सलूनचं शटर ओढलं आणि एसटी स्टँड गाठला...

माझी ही थोरली बहीण, सुमनताई, जखमा कशा भरतात ते शोधत होती. मला समजेल असं सांगायची. पेशीत एक लांबच लांब धागा घट्ट घडी घालून ठेवलेला असतो, त्या घडीला क्रोमॅटिन म्हणतात. जखम झाली की केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी ती घडी जागोजागी मोडतात आणि केसाचं काम सोडून कातडी करायला धावतात. म्हातारपणी ही घडी लवकर का मोडत नाही, हा तिचा प्रश्न. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांचे केस हवेत म्हणाली, तर मी शहाण्याने दुकानातले पोतंभर केस झाडून नेऊन दिले! पोट धरून हसली. मुळासकट उपटलेले लागतात म्हणे, जिवंत पेशी तिथेच असतात.

मग तीच दुकानात येऊन बसू लागली. पण आमच्याकडे केस दुसऱ्याच्या हाती गेले की करणीची भीती. म्हातारे संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार, केस द्यायला नाही. नमुने मिळाले नाहीत तर तिचं काम तिथेच थांबणार होतं. रेणापूरचे किसनबप्पा तर तोंडावर म्हणाले, "बाई, तू लई चांगली हाईस, पर केस न्हाई द्यायचा."

ताईने वाद घातला नाही. स्वतःचे पाच-सहा केस उपटले, पुडीत बांधले आणि बप्पांच्या हातावर ठेवले. "तुमच्या केसांचं मी काही वाईट केलं, तर माझ्या केसांचं तुम्ही करा." बप्पांनी टोपी काढली. पुढे ज्याने ज्याने केस दिले त्याला तिची पुडी मिळाली. एवढी शिकली, पण कुणाला अडाणी म्हणाली नाही. याचा मला तिच्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे.

नंतर तिला कॅन्सर झाला, औषधांनी केस गेले आणि कुजबुज सुरू झाली, "स्वतःचे केस लोकांना वाटले होते ना, आता भोगा." माझं डोकं फिरायचं. ती गेल्यावर लोक उघड बोलू लागले.

गेल्या आठवड्यात तिची विद्यार्थिनी नमुने घ्यायला आली. बाकावर चौघे बसले होते, कुणी मान वर करेना. तेवढ्यात किसनबप्पा आले आणि खुर्चीत बसले. रीत माहीत असल्याने ती मुलगी आधी स्वतःचे केस उपटू लागली, तर बप्पांनी तिचा हात धरला.

"तुझे नगं पोरी. तिचे हायेत माझ्याकडं."