उतरवलेल्या तारा

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा दुष्काळ होता आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला गिटारवाला होतो. हैदराबादेहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. खालची दांडी दाबली की तिचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली पट्टी, हलायचा आणि सूर थरथरायचा. समोरून तारा ओढायच्या, पाठीमागून स्प्रिंगा. दोन्हींचा जोर सारखा, तोवर ब्रिज सरळ. एवढं मला ठाऊक होतं, पुढचं नव्हतं.

नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. तो साधला तर मला कायमचं घेणार होते. ढोलकीला माझेच मामा, अहमदपूरचे. वडलांमागं त्यांनीच मला वाढवलं, तालही त्यांनीच शिकवला. कार्यक्रमाच्या दुपारी मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा, तेवढ्यात त्यांनी गिटारच्या साऱ्या तारा सैल करून ठेवल्या. उन्हाच्या दिवसांत ढोलकी ते तशीच उतरवून ठेवायचे, नाहीतर चामडं तडकायचं.

परत येऊन बघतो तर ब्रिज मागं कललेला. एक तार सुरात आणावी, तर दुसरी ओढताच पहिली उतरायची. माझं डोकं फिरलं. वाटलं, स्प्रिंगाच ढिल्या पडल्या. गिटारची पाठ उघडून स्क्रू आवळत सुटलो. सगळ्यात बारीक तार तुटली, आणि तिचा ताण जाताच बाकीच्या पाचही चढल्या. तसली तार अख्ख्या लातुरात मिळणार नव्हती.

साऱ्या वादकांसमोर मी मामांना म्हणालो, "कळत न्हाई तिथं हात कशाला घालता? वाटोळं केलंत माझं."

"लई ताण दिसला रे तारांवर," मामा एवढंच बोलले. ढोलकी खोळीत घालून ते एस.टी. स्टँडवर गेले. माझी जागा नांदेडच्या एका अकॉर्डियनवाल्यानं घेतली.

पुढं हैदराबादेत ब्रिज नीट करून घेताना तिथल्या कारागिराला मी मामांचं गाऱ्हाणं सांगितलं. तो हसला. म्हणाला, तारा उतरवल्यानं काहीच बिघडत नाही. सहाही तारा पहिल्यापासून दोन-तीनदा लावत जायच्या, ब्रिज आपसूक जागेवर येतो. बिघडवलं ते स्क्रू फिरवणाऱ्यानं. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असला मी शहाणा!

मामांना हे सांगायला हवं होतं. लाज वाटत होती. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. गेलो तो त्यांच्या मातीलाच.

मामीनं ढोलकी माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "लातूरहून आल्यापास्नं हिला हात लावला न्हाई त्यांनी. म्हणायचे, आपल्याला कळत न्हाई त्यातलं."