किरकोळ

चूक माझी होती, आणि ती एकाच शब्दाची होती.

लवळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा एक माणूस पंप दुरुस्त करायचा, पाट्या रंगवायचा, पन्नास जणांचा स्वयंपाकही करायचा. भेटेल त्याला सांगायचा, "कुटं काम निघालं तर आपलं नाव टाका." काम सांगायला कुणी दारात आलं की आधी हात पँटला पुसायचा आणि मग विचारायचा, "कवा येऊ?"

एका वसतिगृहाच्या मॅनेजरने मला विचारलं, "सगळं बघणारा कायमचा माणूस हवाय. तुमचा शेजारी कसा आहे?"

मी सहज बोलून गेलो, "माणूस चांगला आहे, पण किरकोळ कामं करतो."

ती नोकरी दुसऱ्याला मिळाली.

वर्षभरात माझीच कंपनीतली नोकरी गेली. चार महिने घरी बसल्यावर त्याच मॅनेजरचा फोन आला. "आमचं ऑफिस सांभाळाल का? तुमचा शेजारी तीनदा येऊन गेला. म्हणतो, सायेबांना समदं येतं."

मी तडक त्याच्या दारात गेलो. पाटी रंगवता रंगवता तो उठला, हात पँटला पुसले. "बोला सायेब, कवा येऊ?"

"तुमच्याबद्दल मी त्या मॅनेजरला काय सांगितलं होतं, माहीत आहे?"

"व्हय. किरकोळ म्हनला व्हता," तो शांतपणे म्हणाला. "त्यांनीच सांगितलं तवा."

हे ठाऊक असूनही तो माझ्यासाठी तीनदा गेला होता.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "ती जागा तुमची होती."

"जाऊ द्या सायेब, किरकोळ हाय," म्हणत त्याने ब्रश पुन्हा उचलला.