नाकावर बसणारा टीव्ही

नंबरकाका माणसं नावाने ओळखत नसत. राम आळीतल्या त्यांच्या चष्म्याच्या दुकानासमोरून आमचे मुख्याध्यापक गेले, की काका म्हणत, "मायनस साडेतीन आज लवकर निघाले." गावात कोणी वारलं, तर हातातलं काम थांबवून हळहळत, "सिलिंड्रिकल होते बिचारे." त्यांचं स्वतःचं आडनावही आम्हाला दुकानाच्या पाटीवरून माहीत होतं, एवढंच.

मूळचे ते सावर्ड्याचे. रत्नागिरीत येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती आणि त्या तीस वर्षांत त्यांचं लक्ष डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त राहिलं. "डोळा सगळं सोसतो गो, नाक सोसत नाही," असं ते मला सांगत. गिऱ्हाइकाला नवा चष्मा चढवला की त्याला खाली बघायला लावत, मान हलवायला लावत, जिना उतरल्यासारखं करायला लावत. नाकाला टोचतो म्हणून कोणाचा चष्मा कपाटात पडून आहे असं कळलं, तर बारीक पक्कड खिशात घालून स्वतः त्याच्या घरी जात.

मी सहावीत होते तेव्हाची, १९९९ सालची गोष्ट. टीव्हीला जोडायचे कॅसेटचे व्हिडिओ गेम तेव्हा घरोघरी आले होते. एके दिवशी दाभोळचे एक गृहस्थ काकांकडे आले. ते बोटीवर नोकरीला होते आणि जपानातल्या कुठल्याशा बंदरावर त्यांनी एक गेमचं यंत्र घेतलं होतं. त्याला टीव्ही लागत नसे. मोठ्या गॉगलसारखा एक काळा डबा पट्ट्याने डोक्याला बांधायचा. आत प्रत्येक डोळ्यासमोर एक एवढासा पडदा. गृहस्थांची अडचण अशी, की चष्म्यासकट डोकं त्यात जात नव्हतं. "आत माझ्या नंबरच्या काचा बसवून द्या. मी आता नऊ महिन्यांनी येईन, तोवर राहू दे तुमच्याकडेच."

काकांनी दोन दिवसांत काढता-घालता येतील अशा काचा बसवल्या आणि मग ते त्या डब्याच्या प्रेमातच पडले. "टीव्ही दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवतो. म्हणून तो सपाट," ते सांगत. "हा डबा डाव्याला डाव्याचं देतो, उजव्याला उजव्याचं. दोन्ही जुळली की चित्राला खोली येते. बघाल तुम्ही, हे घरोघर जाणार."

चष्मा करायला आलेल्या प्रत्येकाला डबा चढवून बघणं भाग असे. बँकेतले एक साहेब पाच मिनिटांत बाहेर पायरीवर येऊन बसले. "होडीत बसल्यासारखं गरगरलं हो," म्हणाले. काकांनी त्यांना पाणी दिलं आणि लगेच पट्टी घेऊन त्यांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. "तुमचे डोळे लांब लांब आहेत. बनवणाऱ्याने सगळ्या जगाला एकाच मापाचं धरलंय. आणि वजन बघा! नाकाचा विचार कोणी केलाच नाही. एवढं सुधारलं की टीव्ही भिंतीपाशी राहत नाही, नाकावर येऊन बसतो."

शेजारचा कापडवाला हसून म्हणाला, "काका, पंख्याखाली आडवं पडून बघायचं सोडून डोकं कोण कोंबणार त्यात?"

"तुझा नातू," काका म्हणाले.

मी आणि माझा दादा गेलो तो शनिवार होता. दादाने डबा चढवला आणि क्षणात डोकं मागे घेऊन ओरडला, "आई शप्पथ, चेंडू अंगावर येतोय!" मग मी चढवला. लाल रंगाचा चेंडू लहान होत होता, मोठा होत होता. "कुठे अंगावर येतोय? टीव्हीसारखंच तर आहे," मी म्हटलं.

 काकांनी डबा काढून घेतला, मला स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या तळहाताने माझा उजवा डोळा झाकला. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, वीतभर अक्षरही मला वाचता येईना. शाळेत डोळे तपासले होते, तेव्हा मी बोटांच्या फटीतून बघून सगळं वाचलं होतं.

त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी आले. बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क होते. ऑफिसातून येऊन नुकते चहाला बसले होते.

"तिला सगळं दिसतं की," बाबा म्हणाले. "वर्गात पहिल्या पाचांत आहे. आणि मुलीची जात, आत्तापासून जाड भिंगं लावायची?"

"जाधव, पोर एका डोळ्यावर चाललीय. डावा आळशी झालाय. आता कामाला नाही लावला तर तो कायमचा गेला समजा." काकांनी चहाला हात लावला नाही. बाबा सोमवारी डॉक्टरांकडे नेतो म्हणाले, तेव्हाच कप उचलला.

डॉक्टरांनी काकांचं म्हणणं खरं ठरवलं. थोडा उशीर झाला होता, पण वेळ गेली नव्हती. चष्मा लागला आणि रोज काही तास उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी. वर्गात मला 'काणी' म्हणायला लागले. चौथ्या दिवशी मी पट्टी फाडून गटारात टाकली आणि घरी सांगितलं, हरवली.

काकांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी मला दुकानात बोलावलं. काउंटरमागे छोटा टीव्ही आणि कॅसेटचा गेम मांडला होता. काकांच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यावर कापूस आणि चिकटपट्टी. "मीही एका डोळ्यावर खेळणार. रोज एक तास. बघू कोण जिंकतं."

आम्ही सात-आठ महिने खेळलो. गिऱ्हाईक आलं की काका तसेच उठत आणि एका डोळ्याने त्याला फ्रेम्स दाखवत. लोक विचारत, "काका, डोळ्याला काय झालं?" "मॅच चाललीय," ते सांगत. ते फार वाईट खेळत. सुरुवातीला मला पडद्यावर नुसते डाग दिसत, तरी तेच हरत. हळूहळू डागांना कडा आल्या. मग मला गेममधल्या गोळ्या मोजता यायला लागल्या.

बोटवाले गृहस्थ यायच्या आधी काकांनी तो डबा माझ्या डोक्यावर चढवला. आधी तोच सपाट खेळ. मग चेंडू मागच्या रेषेपासून सुटला. त्याच्या आणि रेषेच्या मध्ये रिकामी जागा दिसली, आणि तो सरळ माझ्या नाकावर आला. मी मागे सरकले ती स्टुलावरून पडले. हसत डबा काढला, तर काका पाठ फिरवून एक स्वच्छ काच पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

गृहस्थ आले ते बातमी घेऊनच. ते यंत्र कोणी घेईना, म्हणून कंपनीने बनवायचंच बंद केलं होतं. कापडवाल्याला संधीच मिळाली. काका शांत होते. "पहिले चष्मे लोक हातात धरून बघायचे. कानावर दांड्या यायला कितीतरी पिढ्या गेल्या. म्हणून काय चष्मा बुडाला?"

२००५ साली मला पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला. सांगायला गेले, तर काकांनी भरदुपारी दुकान बंद केलं आणि मला हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातली. "वजन," ते घास घेता घेता म्हणाले. "त्या डब्यातलं बाकी सगळं कोणीही करील. तू वजनाकडे बघ."

मी दुसऱ्या वर्षाला असताना ते झोपेतच गेले. बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा माझी परीक्षा चालू होती. जाता आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा त्यांचा मुलगा दुकान रिकामं करत होता. तो लोट्याला केमिकल कंपनीत होता, पाळ्यांमुळे त्याचं येणं क्वचितच होई. त्याने मला लगेच ओळखलं.

"ते टीव्हीचं काय ते, तूच बनवणार ना? बाबा येईल त्याला सांगायचे."

"मी एकटी नाही, खूपजण लागलेत मागे," मी म्हटलं. "पण होणार ते."

त्याने हातातला खोका खाली ठेवला. "मला फोनवर सुरू केलं की मी म्हणायचो, बाबा, ड्युटीवर जायचंय."  तो स्टूल ओढून बसला.

"आज रजा आहे माझी," तो म्हणाला. "सांग बघू, काय म्हणणं होतं त्यांचं?"

मी समोरच्या खोक्यावर बसले आणि दोन डोळ्यांपासून सुरुवात केली.