मैलांची वाटणी

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या छोट्या कारखान्यांचा माल मी माझ्या टेम्पोत भरायचो आणि उल्हासनगरच्या नाक्यावर शेठच्या ट्रकमध्ये चढवायचो. पुढे गुजरातपर्यंत तो न्यायचा. भाडं एकच. ते वाटायचं कसं, यावर शेठने पहिल्याच बैठकीत आजोबांची गोष्ट काढली. इंग्रजांच्या काळात सिंधमधून एका संस्थानात रेल्वे जायची. हद्दीपर्यंत रूळ सरकारचे, पुढे राजाचे. सरकारच्या बाजूने कमाईच्या वाटणीची बोलणी त्याच्या आजोबांनी केली होती म्हणे.

"ज्याचे जितके मैल, त्याचा तितका वाटा. राजाने मानलं, तू कोण रे?"

मी कुळगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. बांधापासून बांधापर्यंत मोजून घेतलं की फसवणूक होत नाही, एवढंच मला ठाऊक. हो म्हणालो. पण माझे मैल मोजके, त्याचे शेकडो. मग काय, अरुंद गल्ल्यांत पिंपं खांद्यावर वाहायची मी, आणि रिकाम्या हायवेवर गाडी पळवून मलई खायची त्याने.

त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो. पापड-पाणी पुढे आलं. शेठचे म्हातारे वडील खुशीत होते. तीच गोष्ट सांगू लागले, पण पुरी. "माझे वडील पक्के! माल चढवायचा वाटा पहिला वेगळा काढला, मग मैल धरले. माल आमच्या स्टेशनात भरायचा ना!"

"बाबा, पापड खाओ," शेठ घाईने म्हणाला.

माझं डोकं लगेच सटकतं, सगळ्या अंबरनाथला माहीत आहे. त्या दिवशी मी नुसता पापड खाल्ला.

पुढचे काही महिने मी एकेका कारखान्याची पायरी झिजवली. माल मी सांगेन त्याच ट्रकमध्ये जाईल, असा शब्द सगळ्यांकडून घेतला. मग शेठच्या गादीवर जाऊन बसलो.

"चढवायचा वाटा आधी. उरलं ते मैलांवर."

"भाऊ, इतके वर्ष का रिश्ता आहे आपला."

"रिश्ता तुम्हीच मैलात मोजलात, शेठ."

"आणि ट्रक कुठून आणणार तू?"

"ट्रकवाला खाली चहा पितोय."

शेठने खिडकीतून वाकून पाहिलं. घाम पुसला. "चल, मंजूर. सगळं मंजूर."

तो हात पुढे करून उभा राहिला. हे मंजूर ऐकायलाच मी इतके महिने दात आवळून होतो. मी हात जोडले, खाली उतरलो आणि माल त्या दुसऱ्या ट्रकवाल्याला दिला. शेठने मंजूर केलं होतं, त्यापेक्षा तो थोडं कमीच देतो. आजही देतो. मला चालतं.