क्षार येणार नाही

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी मी आणि माझी जिवाभावाची मैत्रीण चिखलीच्या कॉलेजात मिळूनच करत होतो. ती म्हणाली, “सरांनी सांगितलं, यंदा क्षार ओळखायले येणार नाही, फक्त टायट्रेशन.” मी आठवडाभर ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत फिकट गुलाबी रंग साधत बसले.

परीक्षेत प्रत्येकीपुढं पांढऱ्या क्षाराची पुडी आली. मी पुडी नुसतीच उलटसुलट करत राहिले. तिनं मात्र शांतपणे बर्नर पेटवला आणि एकेक चाचणी सराईतपणे उरकली.

परीक्षेनंतर एसटी स्टँडवर मी विचारलं, “तुले माहीत होतं?”

“हाव.”

“मंग मले खोटं काऊन सांगितलं?”

“दरवेळी तूच पहिली येतं ना.”

पुढं मी कशीबशी पास झाले. पण त्या दिवशी एसटीत तिनं नेहमीसारखी माझी जागा धरली, तरी मी गावापर्यंत उभीच राहिले.