राक्षसाला हवी होती खोली

ओसाकाला निघाले त्या दिवशी बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा मुलुंडच्या आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे नेऊन काट्यावर ठेवल्या. वजन जास्त भरलं. त्यांनी माझी पुस्तकं काढली, लोणचं राहू दिलं. मी रिक्षात बसल्यावर म्हणाले, "त्या राक्षसाच्या गावाक चललंस. भेटलो तर सांग, मुलुंडाक येव नको, पाणी नाय हा." मला हसू आलं आणि तेवढ्यात रिक्षा सुटली. रडायचं राहूनच गेलं.

राक्षस म्हणजे जपानी सिनेमातला. लहानपणी चाळीत वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणायचे, तेव्हा एक झिजलेली कॅसेट हटकून यायची. समुद्रातून रबरी राक्षस वर येतो आणि पुठ्ठ्याच्या इमारती तुडवत सुटतो. भाषा कोणाला कळत नसे, म्हणून टीव्हीशेजारी बसून बाबा सगळ्यांचे संवाद मालवणीत म्हणायचे. त्यांच्या गोष्टीतला राक्षस कोकणातून मुंबईला खोली शोधायला आलेला असे. माणसं पळाली की तो म्हणे, "अरे, पळतास कित्याक? माका रवाक खोली व्हयी!" चाळ हसून लोळायची.

पुढे जपानी शिकल्यावर तोच सिनेमा इथे पाहिला. शास्त्रज्ञ समुद्राच्या तापमानावर बोलत होते. मी अर्ध्यात बंद केला.

माझा धाकटा भाऊ नितीन लग्नाकार्यांत साउंड लावतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने हिप-हॉपचा अल्बम करायला घेतला. त्यात जुन्या व्हिडिओ गेमचे टुकटुक आवाज, दूरदर्शनच्या काळातल्या जाहिरातींच्या चालीवरची गंमत आणि तोच राक्षस. तो चेकनाक्यावरून मुलुंडात शिरतो, तर टॉवरचा वॉचमन त्याला व्हिजिटर रजिस्टरमध्ये सही करायला लावतो. नितीनला त्यात बाबांचं ते वाक्य हवं होतं. बाबांचा आवाज कुठेच रेकॉर्ड केलेला नाही. ते गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कॅसेटच्या दिवसांत नितीन चार वर्षांचा होता.

"तूच बोल ताई. तुलाच आठवतंय."

बोलून पाठवलं. त्याचा व्हिडिओ कॉल आला, शेजारी आई.

"ताई, राक्षस आहे गं तो! बँकेत फॉर्म मागायला नाही आलाय."

मी ओरडून म्हटलं.

"आता बातम्या देतेयस."

सात-आठदा झालं. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करते. दिवसभर 'कृपया झाकण उघडू नये' असली वाक्यं. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण त्या दिवशी धास्तावले. बाबांचा आवाज सांभाळणारी मी एकटीच उरले होते, आणि तो कुठे ठेवला ते मला आठवेना.

शेवटी आई वैतागून म्हणाली, "अगो, ते वरडत खंय होते? ड्युटी करून इलेले असत. हळूच बोलत."

खरं होतं. गलका आमच्या हसण्याचा होता. दिवसभर दहा दारं फिरून अकराव्या दारात विचारावं, तसं मी ते वाक्य म्हटलं. आई उठून आत गेली.

"हाच ठेवतो," नितीन म्हणाला.

अल्बम आला. मी स्वयंपाक करताना लावला. चाळ आता पाडली आहे. आई आणि नितीन दहिसरला भाड्याने राहतात. तरी इथे कोणी घर कुठलं विचारलं, तर माझ्या तोंडून मुलुंडच निघतं. माझी मुलगी इथेच जन्मली. मराठी समजते तिला, मालवणी जेमतेम. ती ते वाक्य परत लावून ऐकत राहिली.

"मग आजोबांना मिळाली का खोली?"

आजोबांना नाही, राक्षसाला, असं सांगणार होते. सांगितलं नाही.

"मिळाली. दहा बाय बारा."

तिने आमच्या या लांबरुंद स्वयंपाकघराकडे नजर फिरवली. "आणि मावले त्यात?"

"चौघं मावलो."